दोष समुद्राच्या माथीं

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेंत नववीच्या वर्गाला मीं "मला कोणासारखें व्हावेंसें वाटतें" हा निबंधाचा विषय दिला होता. डॉक्टर, सैनिक, क्रिकेटपटु अशीं नेहमींचीं उत्तरें आलीं. एका मुलाचें उत्तर मात्र निराळें होतें. अलास्काच्या समुद्रांत खेकडे पकडणाऱ्या जहाजाचा कप्तान होण्याची त्याला इच्छा होती. २००५ सालीं सुरू झालेल्या 'डेडलिएस्ट कॅच' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेनें या लोकांचें जीवन जगभर दाखविलें आहे. तिचे कांहीं भाग पाहून त्यानें निबंधाच्या शेवटीं लिहिलें होतें, "जो मरणाला भितो त्यानें समुद्रावर जाऊं नये." भाषा जोरदार होती. मीं दहांपैकीं आठ गुण दिले व तो निबंध वर्गांत वाचून दाखविला. वाचन संपल्यावर मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील बंदरावरील एका नौकेवर तांडेल आहेत. तो म्हणाला, "सर, माझे बाबा समुद्राला भितात. म्हणून तर ते घरीं परत येतात."

वर्गांत हंशा पिकला. मला मात्र त्या वेळीं कांहींच उत्तर सुचलें नाहीं. त्यानंतर या धंद्याविषयीं मिळेल तें मीं वाचलें, आणि आतां माझें असें ठाम मत झालें आहे कीं, ज्या वाक्यावर खूष होऊन मीं आठ गुण दिले तें वाक्य चुकीचें होतें, व मागच्या बांकावरील मुलाचें बोलणें खरें होतें. तें कसें, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम या लोकांचें काम काय असतें तें पाहूं. अलास्का हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अगदीं वायव्येकडील भाग. त्याच्या पश्चिमेस बेरिंग समुद्र पसरला असून दक्षिणेच्या बाजूस अल्यूशियन बेटांची लांबच लांब माळ आहे. या माळेंतील डच हार्बर हें बंदर खेकड्यांच्या धंद्याचें मुख्य ठाणें होय. तेथील थंडगार पाण्याच्या तळाशीं तांबडा राजखेकडा व त्याहून लहान असा हिमखेकडा, या दोन जाती विशेषेंकरून पकडल्या जातात. राजखेकड्याचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतो. हिमखेकड्याची पकड बहुधा जानेवारीनंतर होते. म्हणजे दिवस लहान, वारा प्रचंड व थंडी कडाक्याची, नेमक्या त्याच काळांत हें काम करावें लागतें. उन्हाळ्यांत कां करीत नाहींत, असें कोणी विचारील. खेकडा वाढतांना जुनें कवच टाकून देतो. नवें कवच आरंभीं मऊ असतें व आंत मांस भरलेलें नसतें. तें भरून येण्यास अवधि द्यावा लागतो, आणि तो अवधि संपेपर्यंत हिंवाळा दाराशीं येऊन उभा राहतो.

खेकडे पकडण्याचें साधन म्हणजे पिंजरा. पोलादी सळयांची चौकट व तिच्याभोंवतीं जाळें, असा हा पिंजरा सुमारे ७ फूट लांब व तितकाच रुंद असतो, आणि रिकामा असतांनाच त्याचें वजन ३०० किलोंच्या आसपास भरतें. हेरिंग किंवा कॉड माशांचें आमिष आंत बांधून तो दोरासह समुद्रांत लोटून देतात. दोराच्या टोंकास पाण्यावर तरंगणारे बोये असतात. पुढें जहाज परत त्या ठिकाणीं येतें. एक खलाशी आंकडा फेंकून दोर धरतो, यंत्राच्या चाकावरून दोर ओढला जातो, आणि खेकड्यांनीं भरलेला तो अवजड पिंजरा हेलकावे खात डेकवर येतो. मग निवड. मादी असेल तर ती परत पाण्यांत सोडावी लागते. राजखेकड्याच्या नराचें कवच साडेसहा इंच रुंद नसेल तर तोही परत जातो. जे ठेवावयाचे ते जहाजाच्या पोटांतील टाक्यांमध्यें खेळत्या समुद्राच्या पाण्यांत जिवंत ठेवतात. कारण मेलेला खेकडा फार लवकर नासतो व कारखानदार तो घेत नाहींत. म्हणून पकड झाल्यावरही घाई संपत नाहीं. ठरलेल्या दिवशीं माल जिवंत पोंचविलाच पाहिजे.

हें सर्व काम लाटांनीं धुतल्या जाणाऱ्या, बर्फानें निसरड्या झालेल्या डेकवर, दिवसाचे अठरा-अठरा, वीस-वीस तास चालतें. झोंप नाहीं, जेवण उभ्याउभ्या. हातपाय बधिर झालेला, डोळ्यांवर पेंग आलेला माणूस जेथें पाय ठेवतो तेथेंच सुटलेल्या दोराचा फास पडलेला असतो; पिंजरा खालीं जातांना त्या फासांत पाय सांपडला तर माणूसही त्याच्याबरोबर तळाला जातो. यारीवर टांगलेला पिंजरा झोंका घेऊन हाडें मोडतो. एखादी लाट माणसाला उचलून बाहेर टाकते. त्या समुद्राचें पाणी हिंवाळ्यांत इतकें गार असतें कीं, कांहीं मिनिटांतच हात दोर धरण्याच्या कामाचे राहत नाहींत. मग कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्याचा उपयोग काय? आणि मोबदला म्हणाल तर ठरलेला पगार नसतो. इंधन, आमिष, अन्न यांचा खर्च वजा जातां जें उरेल त्यांत प्रत्येकाचा हिस्सा असतो. पकड चांगली तर पैसा उदंड, पकड वाईट तर हात हलवीत घरीं.

१९९० ते १९९९ या दहा वर्षांत बेरिंग समुद्रांतील या एका लहानशा धंद्यांत ७३ माणसें मेलीं. सिअ‍ॅटल येथील मच्छीमारांच्या धक्क्यावर एक स्मारक आहे. समुद्रांतून परत न आलेल्या शेंकडों माणसांचीं नांवें तेथें कोरलेलीं आहेत. अशा स्मारकापुढें उभें राहिलें म्हणजे मनांत सहज येतें, "काय हा समुद्राचा कोप!" माझा आक्षेप या उद्गारालाच आहे. समुद्र तर कालही तोच होता व आजही तोच आहे. त्याचे वारे, त्याची थंडी, त्याच्या लाटा कमी झालेल्या नाहींत. असें असतां मृत्यूंची संख्या पुढें पुष्कळच घटली. समुद्र बदलला नाहीं आणि मरण कमी झालें, याचा अर्थ उघड आहे. त्या ७३ मृत्यूंपैकीं पुष्कळसे समुद्रानें मागितलेले नव्हते. माणसांनीं ते दिले होते.

पदार्थविज्ञानाच्या धड्यांत गुरुत्वमध्याविषयीं आपण शिकतों. वजन जितकें खालीं तितकी वस्तु स्थिर. वजन जितकें वर तितकी ती डळमळीत. आतां एक जहाज डोळ्यांपुढें आणा. त्याच्या डेकवर ३०० किलोंचे पिंजरे एकावर एक रचलेले आहेत. कडाक्याची थंडी पडली आहे, वारा सुटला आहे, व लाटांचे तुषार उडून पिंजऱ्यांच्या प्रत्येक सळईवर व जाळ्याच्या प्रत्येक दोऱ्यावर गोठत आहेत. पाहतां पाहतां कित्येक हजार किलो बर्फ जहाजाच्या सर्वांत वरच्या भागावर चढतो. खलाशी लांकडी मोगऱ्या घेऊन तो फोडीत राहतात. ते थकले, किंवा फोडण्याचा वेग चढण्याच्या वेगाहून कमी पडला, कीं जहाज एका बाजूस कलतें आणि पुन्हां सरळ होत नाहीं. हें गणित आहे. त्याला धैर्यानें उत्तर देतां येत नाहीं; कमी पिंजरे भरूनच उत्तर द्यावें लागतें.

१९८३ सालच्या फेब्रुवारींत 'अल्टेअर' व 'अमेरिकस' नांवाचीं दोन जहाजें डच हार्बरहून निघालीं तीं एकाच दिवशीं उलटलीं. त्यांवरील १४ माणसांपैकीं एकही वांचला नाहीं. जहाजें नवीं व उत्तम बांधणीचीं होतीं, खलाशी अनुभवी होते, आणि मोठें वादळही नव्हतें. चौकशींत दिसून आलें कीं, मागाहून बसविलेल्या अवजड सामानामुळें जहाजांचें वजन वाढलें होतें, पण त्यांच्या स्थैर्याचा हिशेब जुनाच धरला गेला होता. हिशेबांतली चूक १४ घरांना भोंवली.

१९८५ सालीं अलास्कांतच साल्मन माशांसाठीं गेलेली एक जुनी लांकडी नौका बुडाली. तिच्यावर उन्हाळ्याच्या सुटींत चार पैसे मिळवावे व जग पाहावें म्हणून गेलेला २० वर्षांचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. नौकेवर जीवरक्षक तराफा नव्हता, थंडीपासून वांचविणारे पोशाख नव्हते, आणि तीं ठेवण्याची सक्ति करणारा कायदाही नव्हता. त्या मुलाच्या आईबापांनीं आपलें दुःख घरांत कोंडून ठेवलें नाहीं. ज्यांचीं माणसें समुद्रावर गेलीं होतीं अशा इतर कुटुंबांबरोबर ते कायदेमंडळाच्या दारीं गेले व तेथून हालले नाहींत. १९८८ सालीं अमेरिकेंत मच्छीमार जहाजांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, त्यांत या कुटुंबांचा मोठा वांटा आहे. जीवरक्षक तराफा, अंगभर झांकणारा तरंगता पोशाख, जहाज बुडतांच आपोआप संदेश पाठविणारें बिनतारी यंत्र, आणि या सर्वांची नियमित कवाईत, हीं या कायद्यानें आलीं. आज बेरिंग समुद्रांत जो खलाशी वांचतो त्याच्या अंगावर जणूं त्या आईबापांचा हात असतो. पालकहो, शूर कोणाला म्हणावें हें मुलांना सांगतांना या मायबापांचीही आठवण करून द्यावी.

पण केवळ साधनें देऊन भागलें नाहीं. त्या वेळच्या हंगामाची रीतच मुळीं घातक होती. एकूण किती खेकडे पकडावयाचे तें सरकार ठरवी, आणि तेवढे होईपर्यंत कोणीही कितीही पकडावे अशी मुभा असे. त्यामुळें हंगाम म्हणजे शर्यत झाली. सुमारे अडीचशें जहाजें ठरलेल्या क्षणीं एकदम सुटत आणि राजखेकड्यांचा सबंध हंगाम तीन ते पांच दिवसांत आटपे. जो झोंपला तो हरला. वादळ आलें म्हणून जो बंदरांत थांबला त्याचें वर्ष बुडालें. अशा वेळीं कप्तानानें काय करावें? तो बेफिकीर होता असें म्हणणें सोपें आहे. परंतु सावधपणा करणाऱ्याला उपाशी ठेवणारा नियम ज्यांनीं केला, त्यांना काय म्हणावें?

१९९९ सालापासून तटरक्षक दलाचे लोक हंगामापूर्वीं धक्क्यावर येऊन जहाजांवरील पिंजरे मोजूं लागले व अधिक भरलेले उतरवूं लागले. एवढ्या साध्या उपायानेंही मृत्यु कमी झाले. तरीही २००५ च्या जानेवारींत 'बिग व्हॅली' नांवाचें जहाज परवानगीपेक्षां अधिक पिंजरे घेऊन निघालें व बुडालें. ६ पैकीं एकच माणूस वांचला. त्याच वर्षीं शर्यतीची रीत बंद होऊन प्रत्येक जहाजाचा वांटा आधींच ठरवून देण्यांत येऊं लागला. आतां आपला वांटा आज पकडला काय आणि आठ दिवसांनीं पकडला काय, सारखेंच. वादळ असेल तर थांबतां येतें, थकले तर झोंपतां येतें. पुढील दहा वर्षांत खेकड्यांच्या धंद्यांतील मृत्यु बोटांवर मोजण्याइतके राहिले.

या सुधारणेची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर मी अप्रामाणिक ठरेन. शर्यत संपतांच राजखेकड्यांच्या हंगामांत जाणारीं जहाजें अडीचशेंवरून नव्वदांच्या आंत आलीं आणि शेंकडों खलाशांच्या जागा गेल्या. वांटे ज्यांच्या नांवावर झाले ते घरीं बसून भाडें घेऊं लागले, व प्रत्यक्ष डेकवर राबणाऱ्याचा हिस्सा त्या भाड्यामुळें आटला. जीव वांचले, पण लाभाची वांटणी न्याय्य झाली नाहीं. या दोषामुळें शर्यत परत आणावी असें मात्र मला वाटत नाहीं. ज्या नियमानें जीव वांचतो तो राखून त्यांतील अन्याय दूर करावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय. भाड्याच्या दराची दुरुस्ती पुढेंमागें करतां येते. बुडालेला मनुष्य परत आणतां येत नाहीं.

आणि नियम झाले म्हणून निश्चिंत होण्याचीही सोय नाहीं. २०१७ च्या फेब्रुवारींत 'डेस्टिनेशन' जहाज सहा माणसांसह बुडालें. बर्फाचा इशारा असतां तें सुमारे २०० पिंजरे घेऊन निघालें होतें. माल पोंचविण्याची तारीख जवळ आली होती व माणसें आधींच थकलेलीं होतीं. पुढें समुद्राच्या तळांतून त्याचा एक पिंजरा वर काढून वजन केलें, तेव्हां स्थैर्याच्या हिशेबांत धरलेल्या वजनापेक्षां तो भारी भरला. २०१९ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस रात्रीं 'स्कँडीज रोझ' जहाज बर्फाच्या भारानें कलून बुडालें. सात जणांपैकीं जे दोघे वांचले ते जीवरक्षक पोशाख घालून तराफ्यावर पोंचले होते. चौकशी मंडळाला या जहाजाच्याही स्थैर्याच्या हिशेबांत चूक आढळली. १९८३ नंतर ३६ वर्षांनीं पुन्हां तीच चूक! मनुष्य समुद्र विसरत नाहीं, पण हिशेब विसरतो.

आतां तर नवेंच संकट उभें आहे. बेरिंग समुद्राचें पाणी २०१८ व २०१९ सालीं फार तापलें, आणि थोड्याच वर्षांत सुमारे एक हजार कोटि हिमखेकडे नाहींसे झाले. उबदार पाण्यांत त्यांची भूक वाढली व पुरेसें अन्न न मिळून ते उपासमारीनें मेले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केला. २०२२ सालीं हिमखेकड्यांचा हंगाम इतिहासांत प्रथमच बंद ठेवावा लागला. २०२४ सालीं तो अगदीं थोड्या प्रमाणांत उघडला. ज्याचें एक वर्ष रिकामें गेलें तो पुढच्या वर्षीं चार पिंजरे अधिक भरण्याचा मोह कसा आवरील? म्हणून सांगतों, गरिबी व धोका हीं सख्खीं भावंडें आहेत. एकीला घरांत ठेवून दुसऱ्याला हांकलतां येत नाहीं.

हें सर्व दूरदेशींचें झालें. पण आपल्या किनाऱ्यावर तरी निराळें काय आहे? येथें बर्फ नाहीं, पण वावटळ आहे. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळानें केरळ व तामिळनाडूकडील कित्येक मच्छीमारांचा बळी घेतला, आणि त्या बाजूचे शेंकडों मच्छीमार भरकटत, जीव मुठींत धरून आपल्या देवगड बंदराच्या आश्रयास आले होते. इशारा वेळेवर पोंचला असतां किती जण घरींच थांबले असते, हा प्रश्न त्यांच्या बायकामुलांनीं विचारला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीं व माणसांच्या जिवासाठींही. त्या दोन महिन्यांत घरांत चूल कशी पेटते याचा विचार केल्यावांचून, चोरून समुद्रावर गेलेल्या माणसाला "लोभी" म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. तरंगतीं जाकिटें मीं पाहिलेल्या कित्येक नौकांवर आहेत. परंतु तीं फळीखालीं घडी घालून ठेवलेलीं असतात, कारण तीं घालणारा भित्रा ठरतो! अमेरिकेंतही नौकेवरून पडून जे मच्छीमार बुडाले, त्यांपैकीं जवळजवळ कोणाच्याच अंगावर जाकीट नव्हतें. हंसण्याच्या भीतीनें माणसें मरतात, हें तेथेंही खरें व येथेंही खरें.

विद्यार्थीमित्रहो, धाडस हा मोठा गुण आहे. तो तुमच्यांत असावा अशीच माझी इच्छा आहे. परंतु दुसऱ्याच्या धाडसाची स्तुति करतांना एक सावधगिरी ठेवा. "हे लोक मरणाला भीत नाहींत" असें म्हणून आपण पुष्कळदां आपलें कर्तव्य टाळीत असतों. जो भीतच नाहीं त्याला तराफा कशाला, विश्रांति कशाला, न्याय्य हिस्सा कशाला, असें मग नकळत ठरून जातें. समुद्रावरचा खलाशी काय, गटारांत उतरणारा सफाईकामगार काय, उंच परांचीवर उभा राहणारा गवंडी काय, यांना भीति आपल्याइतकीच वाटते. ते ती गिळून कामाला जातात, कारण घरीं तुमच्याच वयाचीं मुलें वाट पाहत असतात. त्यांच्या शौर्याला टाळ्या देणें फुकटचें आहे. कांहीं द्यावयाचें तर त्यांच्या सुरक्षिततेसाठीं होणारा खर्च मालाच्या किंमतींत आनंदानें द्या. आणि उद्यां तुमच्यापैकीं कोणी अधिकारी, कारखानदार, इंजिनिअर किंवा कायदे करणारा झाला, तर हिशेब दोनदां तपासा. तुमच्या टेबलावरील एक चुकीचा आंकडा दूर कोठें तरी सात माणसें बुडवूं शकतो.

पालकांना एकच विनंति. जो बाप वादळ पाहून नौका परत फिरवितो, तो रिकाम्या हातीं घरीं आला तरी त्याचें स्वागत करा, आणि मुलांदेखत करा. शहाणपणाला घरांत मान मिळाला तरच तो समुद्रावर टिकेल.

त्या निबंधाचे गुण मीं कमी केले नाहींत; चूक जितकी मुलाची तितकीच माझीही होती. वही परत मागून घेऊन शेवटच्या वाक्याखालीं मीं एवढाच प्रश्न लिहिला: "जहाजावर पिंजरे किती होते, व किती असावयास हवे होते?" मुलानें दुसरे दिवशीं वही आणून दाखविली. त्यानें उत्तर लिहिलें होतें, "सर, तें मागच्या बांकावरच्याला विचारून सांगतों." दोघे आतां एकाच बांकावर बसतात.